इंग्रजीतला 'रन' नीट वापरायचा कसा

'रन' म्हणजे पळणे, एवढंच पाठ करून ठेवलं की पुढे अडतं भाऊ, कारण नुसत्या क्रियापदाचेच शेकडो अर्थ आहेत, पण सगळे घोकायची गरज नाही.

पहिले एवढं पाहा, की मराठीत पायाशिवाय जे 'चालतं' तिथे इंग्रजीत बहुतेक वेळा रन बसतो. मशीन चालते, दुकान चालतं, नागपूरची मेट्रो खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत चालते, म्हणजे 'द मेट्रो रन्स फ्रॉम खापरी टू ऑटोमोटिव्ह चौक'. कोणी तर्री-पोह्याचा ठेला चालवते तर 'शी रन्स अ पोहा स्टॉल'. पण स्कूटी आपण हँडल धरून चालवतो ना, तिथे राइड आणि कारला ड्राइव्ह, रन नाही, इथंच आपल्याकडची पोरं जास्त चुकतात.

आता जोडशब्द, खरी मजा यातच. 'रन आउट' जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर वेगळा आणि ठेल्यावर वेगळा, 'वी रॅन आउट ऑफ तर्री' म्हणजे तर्री संपली, आणि 'ऑफ' विसरायचा नाही. 'आय रॅन इंटू काका अ‍ॅट बर्डी' म्हणजे काका सीताबर्डीत अचानक भेटले, पण तेच 'रॅन इंटू अ पोल' म्हटलं तर खांबाला धडकलात! 'रन ओव्हर' मात्र कोणाला गाडीखाली चिरडणं, जपून वापरा.

नाक वाहतं तेही रनच.

रूपं रन, रॅन, रन. म्हणून 'आय हॅव रॅन' नाही, 'आय हॅव रन' म्हणायचं, इंटरव्ह्यूच्या आधी हे तोंडाने मोठ्याने दहादा म्हणा.