अन्ननलिकेचा कॅन्सर, ट्यूमर मार्कर आणि माझा थिसिस: आधी मशीनचं नाव लिहून ठेवा

बायोकेमिस्ट्रीला हा विषय मिळाला तेव्हा मला वाटलेलं, सुटले! केमोरेडिएशनच्या (केमो आणि रेडिएशन एकत्र) आधी एकदा रक्त घ्यायचं, नंतर एकदा घ्यायचं, एससीसी अँटिजेन आणि सायफ्रा 21-1 हे ट्यूमर मार्कर (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारे पदार्थ) मोजायचे, आणि गाठ किती विरघळली त्याच्याशी जुळवायचं. सहा महिन्यांत संपवते असं रूममेटला सांगितलेलं, ती अजून त्यावरून चिडवते.

बेसिक तुम्हाला माहीत आहे असं धरते. आपल्याकडे बहुतेक केसेस स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर), त्यामुळे एकट्या सीईएवर (हा आणखी एक मार्कर) भिस्त ठेवू नका, त्यात बिडी ओढणाऱ्यांचा सीईए तसाही थोडा वर असतो. स्क्वॅमस आणि अ‍ॅडिनो (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) एकाच टेबलात कोंबू नका. क्रॉस ट्रायलमध्ये (ऑपरेशनआधीच्या केमोरेडिएशनचा अभ्यास, 2012, आठवड्याला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेल, सोबत 41.4 ग्रे रेडिएशन) ऑपरेशनच्या स्पेसिमेनमध्ये कॅन्सर अजिबात न उरलेले स्क्वॅमसमध्ये 49 टक्के होते आणि अ‍ॅडिनोमध्ये 23, म्हणजे रिस्पॉन्समध्येच एवढा फरक, मग मार्करला कशाला दोष द्यायचा. आणि ज्याचा मार्कर सुरुवातीलाच नॉर्मल आहे त्याच्यात काय खाली येणार? असे पेशंट वेगळे ठेवा.

आता मी कुठे आपटले ते सांगते, जरा लांबेल.

आठव्या महिन्यात आमच्या लॅबचं टेंडर बदललं, मार्कर मोजणारा नवीन अ‍ॅनालायझर आला. मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण रिपोर्टचा कागद तोच, युनिट तेच, नॅनोग्रॅम पर एमएल. अकरा पेशंटचं आधीचं सॅम्पल जुन्या मशीनवर लागलं आणि नंतरचं नव्यावर. त्यातल्या एका काकांचं एससीसी 3.4 वरून 2.1 वर आलं. मी खूश, एक्सेलमध्ये हिरवा रंग भरून 'रिस्पॉन्डर' लिहून मोकळी. ऑपरेशननंतर हिस्टोपॅथ (काढलेल्या भागाचा मायक्रोस्कोपखालचा रिपोर्ट) आला तर मँडार्ड ग्रेड 4, म्हणजे फायब्रोसिसपेक्षा (गाठ विरघळल्यावर मागे राहणारा व्रण) उरलेला कॅन्सरच जास्त. दोन दिवस मी पॅथॉलॉजीवाल्यांनाच मनातल्या मनात नावं ठेवत होते. मग काकांचं केमोच्या आधीचं फ्रीझरमधलं सीरम नव्या मशीनवर लावलं. आलं 2.2. काहीच उतरलं नव्हतं हो, फक्त मशीन बदललं होतं!

होतं असं की प्रत्येक कंपनीची अँटिबॉडी वेगळी आणि कॅलिब्रेटर (ज्यावर मशीन जुळवतात ते द्रावण) वेगळा. एससीसी अँटिजेनचे तर दोन प्रकार असतात आणि प्रत्येक किट ते दोन्ही सारख्याच प्रमाणात पकडेल असं नाही. एकच पोतं दोन दुकानांत तोलल्यासारखं, किलो दोन्ही काट्यांवर लिहिलेलं असतं पण काटे एकमेकांशी जुळवलेलेच नसतात. म्हणून एका पेशंटची आधीची आणि नंतरची ट्यूब एकाच मशीनवर, एकाच किट लॉटवर (किटची एकच बॅच), एकाच दिवशी लावा. तोवर उणे 80 अंशाच्या फ्रीझरमध्ये ठेवा. आणि मास्टर चार्टमध्ये (सगळ्या पेशंटच्या डेटाचा तक्ता) मशीन आणि लॉट नंबरचा वेगळा कॉलम करा, आजच.

मी वाचले ते लॅबमधल्या सीनियर टेक्निशियनमुळे. पहिल्याच दिवशी त्यांनी दम दिलेला, "मॅडम, प्रत्येकाच्या तीन-तीन ट्यूब भरायच्या, नंतर रडत यायचं नाही." माझं प्रामाणिक मत, गाईडची सही लागते पण शिकवतात हेच लोक. ट्यूब उघडी असताना बोलायचं नाही हेही त्यांनीच शिकवलं, कारण लाळेचा किंवा हाताच्या कातडीचा अंश गेला तरी एससीसी वाढतं. सोरायसिस आणि किडनीचा आजार हिस्ट्रीत विचारायचा, कारण त्यांनीही एससीसी वाढतं. पैसे घेऊन 'पी व्हॅल्यू (स्टॅटिस्टिक्सचा आकडा) काढून देतो' म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागलात तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एकटेच उभे असाल, ते नसतात तिथे.

नंतरचं सॅम्पल रेडिएशनच्या शेवटच्या दिवशी घाईत घेऊ नका, पेशी फुटत असतात तेव्हा मार्कर उलट वर जाऊ शकतो. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घ्यायचे, तसंही प्री-ऑपचं रक्त जातंच, पेशंटला जादा सुई नको.

घाबरू मात्र नका. अकराच्या अकरा जोड्या परत लावल्या, एका आठवड्यात झाल्या, निम्मे 'रिस्पॉन्डर' गळाले आणि थिसिस निगेटिव्ह आला, म्हणजे मार्कर आणि रिस्पॉन्स जुळलेच नाहीत. पास झाला. एक्झामिनरने सगळ्यात जास्त वेळ त्या लॉट नंबरच्या कॉलमवरच घालवला.

आणि हो, साधी स्टिकर लेबलं उणे 80 ला गळून पडतात, क्रायो लेबलंच घ्या. माझ्या चार ट्यूब अजून तिथे बेनाम पडल्यात.