सिंगल-कॉइल पिकअप बदलताय? या चुका टाळा

माझी स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची इलेक्ट्रिक गिटार एका कारागिराकडून बनवून घेतलेली आहे. पहिल्या वर्षभरात मी तिचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे चुंबक-गुंडाळीचे भाग, दोनदा बदलले. सिंगल-कॉइल म्हणजे त्यात एकच गुंडाळी. दोन्ही संच उत्तम होते, पण गिटारची मापं न घेताच मागवलेले. कारखान्यातून आलेल्या गिटारची मापं ठरलेली असतात. हातानं घडवलेल्या गिटारमध्ये तारांमधलं अंतर, फिंगरबोर्डची गोलाई, पिकअपच्या खाचेची खोली, आतले पॉट (नॉबखालचे बदलते रोधक), सगळं त्या कारागिराच्या पसंतीनं ठरलेलं असतं. म्हणून खरेदीआधी पट्टी आणि मल्टीमीटर घेऊन बसा.

फक्त किलोओहम बघून निवड करणं

सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाया जातात. सात किलोओहम रोधाचा पिकअप सहावाल्यापेक्षा दणदणीत, असं सर्रास धरून चालतात. रोधाचा आकडा फक्त तांब्याची तार किती लांब आणि किती बारीक आहे हे सांगतो. १९५४ साली आलेल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये ४२ गेजची तार होती आणि रोध साधारण सहा किलोओहमच्या आसपास. तेवढेच वेढे ४३ गेजच्या बारीक तारेचे दिले, तर आकडा वाढतो, पण आवाजाचा जोर त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर चढतो, अंशाला सुमारे ०.४ टक्के. पुण्यात जानेवारीच्या सकाळी १५ अंशांना सहा किलोओहम दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी ३५ अंशांना साडेसहाच्या घरात जातो. आवाजात तसा फरक कुणालाच ऐकू येत नाही.

विचारायचं ते इंडक्टन्स, म्हणजे गुंडाळी बदलत्या प्रवाहाला किती विरोध करते त्याचं माप. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स साधारण २.२ ते २.५ हेन्री असतो. पाचेक मीटर केबल जोडली की असा पिकअप चार किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त खुलतो. ती झळाळी म्हणजेच आपल्या कानातला 'स्ट्रॅटचा आवाज'. इंडक्टन्स साडेतीन हेन्री झाला की तो उंचवटा साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपास उतरतो आणि आवाज भरीव पण झाकलेला होतो. आधीचा पिकअप फारच कर्कश वाटत असेल, तर एकदा लांब केबल लावून वाजवून बघा. कर्कशपणा पुरेसा उतरला, तर नवा संच घ्यायची गरजच उरत नाही.

चुंबकाच्या क्रमांकानंही फसगत होते. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेला चुंबकाचा मिश्रधातू. अल्निको ३ हा अल्निको २ पेक्षा सौम्य असतो, आणि दोघांपेक्षा जोरकस अल्निको ५. क्रमांक ताकदीच्या चढत्या क्रमानं दिलेले नाहीत.

पोल पीस तारांखाली येतील असं गृहीत धरणं

पोल पीस म्हणजे पिकअपमधले, एकेका तारेखाली येणारे चुंबकाचे खुंट. ब्रिजवर, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर मोजा. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर ते सुमारे ५६ मिलिमीटर असतं, नव्या अरुंद ब्रिजवर ५२.५ च्या आसपास. नेककडे (गिटारच्या गळ्याकडे) तारा जवळ येतात, म्हणून नेक आणि ब्रिज पिकअपच्या जागी वेगवेगळं मोजून मगच मागवा.

पोल पीसची उंचीही बघा. जुन्या नमुन्यात तिसऱ्या, म्हणजे जी तारेखालचा चुंबक उंच असतो, कारण त्या काळी जी तार गुंडाळीची असे आणि फिंगरबोर्डची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची होती. आज जी तार साधी असते, आणि हल्लीच्या बऱ्याच कस्टम गिटारींची गोलाई बारा इंचांची किंवा त्याहून सपाट असते. अशा गिटारवर उंच चुंबकामुळे जी तार बाकीच्यांवर ओरडते. तिथे सपाट पोल पीस घ्या. उंच चुंबक बोटानं दाबून खाली करायचा प्रयत्न मात्र करू नका. जुन्या बांधणीत तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, तिची जाडी जेमतेम ०.०६ मिलिमीटर. ती तुटली की पिकअप गेला.

मधला पिकअप दुसऱ्या संचातून आणणं

हे माझ्याच बाबतीत झालं. नेक आणि ब्रिज एका बनावटीचे, मधला दुसऱ्या. एकेकटे तिघंही सुरेख वाजायचे, पण स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, म्हणजे मधला शेजारच्या एकाबरोबर वाजतो तिथे, आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. मी आठवडाभर सोल्डरचे जोड तपासत बसले. दोष फेजचा होता: दोन पिकअपचे संकेत उलट दिशांनी येऊन एकमेकांना खोडत होते.

चाचणी सोपी आहे. मल्टीमीटर २० किलोओहमवर ठेवा, पिकअपच्या दोन तारा जोडा, स्क्रूड्रायव्हर पोल पीसवर टेकवा आणि झटकन उचला. उचलताना आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते लिहून ठेवा. मीटरची लाल-काळी टोकं तिन्ही वेळा तशीच लावायची. तिघांचा कल एकच हवा. एक उलटा निघाला तर त्याच्या दोन तारांची अदलाबदल करा. टेलिकास्टरसारखं धातूचं झाकण किंवा खालची पत्री काळ्या तारेला जोडलेली असेल, तर ती जोडणी आधी सोडवून झाकण-पत्रीला वेगळ्या तारेनं अर्थ (ग्राउंड) द्या.

मग होकायंत्र धरा. मधल्याचा चुंबक इतर दोघांच्या उलट असेल, तर त्या दोन जागांवर घूंकार (सिंगल-कॉइलची भणभण) जवळजवळ नाहीसा होतो. सगळे सारखे असतील, तर आवाज बरोबर येईल, फक्त घूंकार राहील.

फ्रेट आणि नेक पिकअपची जागा

२५.५ इंच स्केलच्या (तारेच्या वाजत्या लांबीच्या) स्ट्रॅटवर नेक पिकअप तारेच्या लांबीच्या चतुर्थांशावर, ब्रिजपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर असतो. २४ फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हवेत म्हणून तुमच्या कारागिरानं तो ब्रिजकडे सरकवला असेल, तर तो गोल, घुमारदार नेकचा आवाज कुठल्याही पिकअपनं येणार नाही. गिटार बनवायला देतानाच हे ठरवावं लागतं.

दोष पिकअपचा नसताना पिकअप बदलणं

सहावी, सर्वांत जाड तार वरच्या फ्रेटवर बेसूर, थरथरल्यासारखी वाजते? चुंबक तारेला ओढतायत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा. जुन्या धाटणीच्या पिकअपसाठी जाड तारेकडे २.४ आणि बारीककडे २ मिलिमीटरपासून सुरुवात करून कानानं जुळवा. आवाज मंद वाटतोय? पॉट मोजा. सिंगल-कॉइलला सहसा २५० किलोओहम चालतात, ५०० नं तोच पिकअप जास्त तिखट होतो. पावसाळ्यात नॉब फिरवताना खरखर येत असेल, तर पॉट साफ करा किंवा बदला.

घूंकाराबाबत आधी खोलीतला पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर बंद करून ऐका. आपल्या घरांमधली निम्मी भणभण तिथूनच येते. गिटार हातात धरून सावकाश फिरा. एका कोनात आवाज घटला, तर सिंगल-कॉइल बाहेरचं चुंबकीय क्षेत्र पकडतोय, तो त्याचा स्वभाव आहे. तारांना हात लावल्यावर भणभण कमी होणंही नेहमीचंच. हात लावल्यावर ती वाढत असेल, तर गरम (संकेताची) आणि अर्थची तार उलट जोडल्यात का ते बघा. अँपच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय गिटारला हात लावू नका.

बदल करायचाच ठरला, तर जुन्या पिकअपच्या तारा मुळाशी कापू नका. पॉटवरचं सोल्डर वितळवून पूर्ण लांबीच्या तारा सोडवा, नेक, मिडल, ब्रिज अशा चिठ्ठ्या लावा आणि जोडणीचा फोटो काढून ठेवा. नवा संच आवडला नाही, तर त्याच संध्याकाळी जुना परत बसवता येतो.