मॅन्युअल फिल्म कॅमेऱ्यावर फ्लॅश लावताय? मग या चुका टाळा

रोल धुऊन आला, स्कॅन उघडले आणि बघतो तर काही फोटोंत एका बाजूला काळा पट्टा, काहींत चेहरे पांढरेफटक आणि मागचं सगळं गुडुप अंधारात. मग आधी संशय जुन्या कॅमेऱ्यावर जातो, नंतर लॅबवर. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात, घोळ एवढाच की आपण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरच्या भरवशावर फ्लॅश मारलेला असतो. पेंटॅक्स के1000 ची सुई घ्या नाहीतर निकॉन एफएमचे लाल दिवे, त्यांना फक्त खोलीतला उजेड कळतो, वर बसवलेल्या फ्लॅशची त्यांना काहीच खबर नसते. त्यामुळे फ्लॅश लावला की सुई बघून लेन्सचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर ठरवायचं नाही, अंतर बघून ठरवायचं.

काळा पट्टा आलाय?

शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत चालणाऱ्या सगळ्यात जास्त शटर स्पीडच्या) वर होतं, विषय संपला. के1000 चा सिंक 1/60, एफएमचा 1/125, झेनिट-ई चा तर 1/30. पडद्याच्या शटरमध्ये या स्पीडपर्यंतच असा एक क्षण मिळतो की पहिला पडदा पूर्ण उघडलाय आणि दुसरा अजून निघालेला नाही. त्याच्या वर गेलात की नुसती एक फट फिल्मवरून सरकत जाते, आणि फ्लॅश तर सेकंदाच्या हजाराव्या भागात वगैरे चमकून मोकळा, मग तेव्हा जेवढी फट उघडी असेल तेवढाच फोटो. डायलवर हा आकडा वेगळ्या रंगात असतो किंवा शेजारी X नाहीतर विजेचं चिन्ह असतं. लीफ शटरवाल्यांना (पडद्यांऐवजी लेन्समध्येच उघडझाप करणाऱ्या पात्या) ही कटकट नाही, याशिका मॅट 124जी वर थेट 1/500 ला पण फ्लॅश चालतो.

घरीच चेक करायचं असेल तर रोल घालायच्या आधी फ्लॅश लावा, मागचं झाकण उघडा, लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण मोठं ठेवा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे करा आणि मागून लेन्समधून बघत शटर दाबा. 1/60 ला अख्खा चौकोन लख्ख दिसेल. मग मुद्दाम 1/500 लावून बघा, तुकडाच दिसतो किंवा काहीच नाही. पैसे न घालवता डोळ्यांनी खात्री होते, सेकंडहॅंड कॅमेरा घेताना तर दुकानातच करा.

आणि हो, सिंक स्पीड ही वरची मर्यादा आहे, खाली कितीही जा. घरच्या गणपतीचा फोटो 1/60 ला काढला की मूर्ती एकदम उजळ पण समया आणि लायटिंगच्या माळा पार निस्तेज. अ‍ॅपर्चर तेच ठेवून 1/15 ला या, ट्रायपॉड लावा किंवा टेबलाचा आधार घ्या, तो पिवळा उजेड फोटोत उतरतो. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चरच्या हातात, खोलीचा शटरच्या.

फ्रेम पूर्ण कोरी असेल तर वायर कुठल्या सॉकेटला लावलीय ते बघा. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या कॅमेऱ्यांवर X आणि FP अशी दोन भोकं असतात, दुसरं जुन्या बल्बवाल्या फ्लॅशसाठी, ते बल्ब पेटायला वेळ घेतात म्हणून कॅमेरा त्यांना आधीच इशारा देतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तिथे लावला की तो शटर नीट उघडायच्या आधीच चमकून जातो. तुम्हाला फ्लॅश पेटलेला दिसतो म्हणून वाटतं सगळं ठीक आहे! लीफ शटरवर M-X असा खटका असेल तर तोही X वर हवा. काही कॅमेऱ्यांच्या वरच्या शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) कॉन्टॅक्टच नसतो, तिथे वायरशिवाय फ्लॅश पेटणारच नाही, आणि असला तरी वर्षानुवर्षांची काळी पुटं असतात, ती पेन्सिलच्या खोडरबराने निघतात.

गाईड नंबरचा घोळ

हिशोब सोपा आहे, गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) भागिले अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर. नंबर 28 आणि माणूस साडेतीन मीटरवर, तर एफ/8. अंतर कसं काढायचं? फोकस करा आणि लेन्सच्या रिंगवरचा आकडा वाचा, झालं. लोक फसतात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे फूट आणि मीटर, व्हिविटार 283 चा नंबर 120 सांगतात तो फुटांत, मीटरमध्ये तो 36 च्या आसपास. दुसरं म्हणजे फ्लॅशच्या पाठीवरची आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील त्याची) डायल, कॅमेऱ्यावर 400 लावलं तरी ती आपोआप फिरत नाही. 100 वरच राहिली तर दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). कलर निगेटिव्ह एवढं बऱ्यापैकी खपवून घेते, स्लाइड फिल्म मात्र माफ करत नाही. उघड्या मैदानात रात्री उलटं होतं, उजेड परत फेकायला भिंती नसतात, तिथे अर्धा ते एक स्टॉप जास्त उघडा.

लग्नातला ग्रुप फोटो हा वेगळाच ताप. पुढे दोन मीटरवर पोरं बसलेली आणि मागे चार मीटरवर काका-मामा उभे, तर मागच्यांना पुढच्यांच्या एक चतुर्थांशच उजेड मिळतो. अ‍ॅपर्चर कितीही बदला, हे सुटत नाही. सगळ्यांना जवळजवळ उभं करा, स्वतः मागे जा आणि अ‍ॅपर्चर उघडा.

फ्लॅशला ऑटो मोड असेल तर फ्लॅश जे अ‍ॅपर्चर सांगतो तेच लेन्सवर लावायचं, मनाचं नाही. त्याचा छोटा सेन्सर समोरून परत आलेला उजेड मोजून फ्लॅश तोडतो, त्यामुळे मागे काळोख असेल तर तो फसतो आणि चेहरा उडतो. बाऊन्स करताना, म्हणजे फ्लॅश छतावर मारून उजेड खाली घेताना, सेन्सर समोरच राहिला पाहिजे, फक्त डोकं वर. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं हवं, कौलारू घरात बाऊन्सचा नाद सोडा.

रेडीचा दिवा लागला म्हणजे पूर्ण चार्ज झाला असं नसतं. मॅन्युअलवर पूर्ण पॉवरने मारत असाल तर दिव्यानंतर अजून काही सेकंद थांबा, नाहीतर एकाच अंतरावरचे फोटो एक उजळ एक अंधारे येतात आणि तुम्ही अ‍ॅपर्चरला दोष देत बसता. वर्षभर कपाटात पडलेला फ्लॅश असेल तर नवीन सेल घालून थोडा वेळ चालूच ठेवा, टेस्ट बटणाने चारपाच वेळा मारा, मग कपॅसिटर ताळ्यावर येतो. नाही आला तर रिपेअरवाल्याकडे द्या, स्वतः उघडू नका, सेल काढले तरी आत तीनशेच्या आसपास व्होल्ट टिकून असू शकतात. आणि सुरुवातीच्या काही व्हिविटार 283 च्या पायावर 200 व्होल्टच्या वर ट्रिगर व्होल्टेज (कॅमेऱ्याच्या कॉन्टॅक्टवर येणारं व्होल्टेज) निघतं, पूर्ण मेकॅनिकल कॅमेऱ्याला त्याने सहसा काही होत नाही, पण तोच फ्लॅश उचलून डिजिटलवर बसवायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा.