जुन्या कम्युनिस्ट पेपरांतल्या खटल्यांच्या बातम्या वाचताय? या चुका टाळा

हल्ली जुने पेपर स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पार्टीचा 'रुदे प्रावो' पण आहे, आणि फोनमधल्या ट्रान्सलेटरने कामापुरतं कळतं. मग कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं की बघा, स्लान्स्कीने (त्याच पार्टीचा आधीचा सरचिटणीस, नंतर देशद्रोहाचा आरोपी) स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल केला होता. लगेच खाली दुसरा येतो, अहो पेपरवाल्यांनी मनाचं छापलंय ते. दोघंही चुकतात, आणि दुसऱ्याची चूक जरा जास्त घोळ घालते.

कारण पेपरने कोर्टात बोललेलंच छापलं होतं! स्लान्स्कीचा प्रागचा खटला 20 ते 27 नोव्हेंबर 1952 असा चालला, आरोपी 14, रेडिओवरून ऐकवला. पण आरोपींना कित्येक महिने कोठडीत ठेवून, झोपू न देता, मारून-धमकावून प्रश्न-उत्तरं पाठ करून घेतली होती. म्हणजे खोटं कोर्टाच्या आधीच तयार होतं, पेपरला काही बदलायची गरजच नव्हती. त्यामुळे कोर्टाचं रेकॉर्ड आणि पेपरची बातमी शेजारी ठेवून 'जुळतंय की' म्हणण्यात काही अर्थ नाही, जुळणारच ते. पडताळायचं तर बाहेरच्या गोष्टीशी पडताळा. मॉस्कोत स्टालिनच्या काळातल्या अशाच खटल्यात, ऑगस्ट 1936 मध्ये, होल्ट्समन नावाच्या आरोपीने सांगितलं की 1932 साली कोपनहेगनला हॉटेल ब्रिस्टलमध्ये ट्रॉट्स्कीचा (स्टालिनचा देशाबाहेर काढलेला विरोधक) मुलगा भेटला. हॉटेल 1917 लाच पाडलेलं! डेन्मार्कच्या एका पेपरने ते लगेच छापलं. पुढच्या जानेवारीत मॉस्कोच्याच दुसऱ्या खटल्यात प्याताकोव हा बडा सोव्हिएत अधिकारी म्हणाला की डिसेंबर 1935 मध्ये तो विमानाने ऑस्लोला उतरला, तर नॉर्वेच्या पेपरांनी विमानतळावर चौकशी केली, त्या महिन्यात तिथे एकही परदेशी विमान उतरलं नव्हतं. असं हॉटेल, विमान, तारीख काहीतरी ठोस पकडा. आरोपी किती रडला, किती पश्चात्ताप दाखवला याच्या मागे लागू नका.

आता 'जनतेची पत्रं'. 1950 मध्ये चेकोस्लोव्हाकियातच मिलादा होराकोवा या कम्युनिस्टविरोधी माजी खासदार बाईंच्या खटल्यात कडक शिक्षा द्या म्हणणारे 6,300 च्या वर ठराव आले, कारखान्यांतून, ऑफिसांतून, शाळांमधून. ते वाचून सगळा देश चवताळला होता असं समजू नका, कारण सभा बोलवायची, मजकूर पुढे ठेवायचा, हात वर करायला लावायचे हे पार्टीने ठरवून केलं होतं. पण सगळ्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं होतं असंही नाही हो, काहीजणांचा मनापासून विश्वास होता, काहींना नोकरी सांभाळायची होती, आणि कोण कशामुळे हे छापील ठरावावरून कळत नाही. सगळ्यात अंगावर येणारं पत्र स्लान्स्की खटल्यातलं आहे. लुडविक फ्रेयका या आरोपीच्या मुलाने बापाला फाशी द्या म्हणून लिहिलं आणि 'रुदे प्रावो'ने ते 25 नोव्हेंबरला खटला चालू असतानाच छापलं. पोराला शिव्या घालणाऱ्या कमेंट वाचल्या की वैताग येतो, अरे, ते पत्र छापायचं कुणी ठरवलं ते बघा ना आधी.

एकाच दिवसाचा अंक वाचणं ही अजून एक खोड. मागे-पुढे चाळा. जुलै 1951 मध्ये हाच स्लान्स्की 50 वर्षांचा झाला तेव्हा मोठा सन्मान, अभिनंदन, कौतुक. त्याच नोव्हेंबरात अटक, आणि 3 डिसेंबर 1952 ला फाशी, एकूण 11 जणांना. प्याताकोवचं तर विचारूच नका, ऑगस्ट 1936 मध्ये, खटला चालू असलेल्या झिनोव्येव-कामेनेव या जुन्या नेत्यांना संपवा असा लेख त्याच्या नावाने 'प्रावदा' या सोव्हिएत पार्टीच्या पेपरात आला आणि पाच महिन्यांत तोच पिंजऱ्यात. प्रागच्या 14 जणांत आंद्रे सिमोनही होता, जो स्वतः 'रुदे प्रावो'त संपादकीय काम करायचा. म्हणून पत्रकार एका बाजूला, बळी दुसऱ्या बाजूला अशी सरळ वाटणी करू नका.

स्लान्स्की खटल्यात येणारा 'झायोनिस्ट' (ज्यूंच्या स्वतंत्र देशाचा पाठीराखा) हा शब्दही नुसती राजकीय शिवी म्हणून सोडून देऊ नका. 14 पैकी 11 जण ज्यू कुटुंबांतले होते आणि आरोपपत्रात नावांपुढे तसं लिहिलेलं होतं.

आणि उघड खटले म्हणजेच सगळी दडपशाही असं तर मुळीच नाही. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांना 1937 मध्ये सोव्हिएत रशियात गोळ्या घातल्या, त्यांचा असा गाजावाजा करून खटला झालाच नाही.

एखादा आरोपी कोर्टात बिथरला तर पुढच्या दिवसांचे अंक नक्की बघा. डिसेंबर 1949 मध्ये बल्गेरियात सोफियाच्या खटल्यात त्रायचो कोस्तोव या कम्युनिस्ट नेत्याने परदेशी पत्रकारांसमोर लेखी कबुली नाकारली. फाशी झाली, आणि मग त्याच्या नावाचं एक पत्र सरकारी प्रेसने छापलं की कबुली खरीच होती, दया करा. ते पत्र बातमी म्हणून शेअर करायच्या आधी फाशी कधी आणि छापलं कधी, एवढ्या दोन तारखा बघून घ्या.