विधेयकावर काम करताय? आधी या चुका टाळा

दर डिसेंबरला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला मला तेच दिसतं. रात्रभर प्रवास करून मोर्चाला आलेल्या बाया यशवंत स्टेडियमपासून चालत मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपर्यंत येतात. पोलीस तिथे अडवतात. चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्र्यांच्या हाती निवेदन देतं, फोटो निघतो. आणि त्या चौघा-पाचांपैकी एकाच्याही पिशवीत विधेयकाची प्रत नसते. इतक्या कष्टानं मिळालेली दहा मिनिटं अशी जाताना बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी चूक हीच: बातमी वाचून विधेयकावर बोलायचं. बातमीत येतो तो मंत्र्यांचा दावा किंवा विरोधकांचा आरोप. सभागृहापुढे असतो तो छापील मजकूर, आणि बदल होतो तो त्या मजकुरात. 'विधेयक जनविरोधी आहे, मागे घ्या' असं लिहिलेलं निवेदन आमदार वाचतो, मान डोलावतो आणि पीएकडे देतो. त्याला उभं राहून बोलायचं असतं ते अमुक खंडातल्या अमुक शब्दांवर, आणि ते शब्द आपण त्याला दिलेलेच नसतात.

खंड म्हटलं ते मुद्दाम. विधेयकात असतात ते खंड. कायदा झाला की त्यांची कलमं होतात. दुरुस्ती विधेयकात तर खंड 3 मूळ अधिनियमाच्या, म्हणजे आधीच्या कायद्याच्या, कलम 11 मध्ये बदल सुचवत असतो. दोन्ही आकडे लिहिले नाहीत तर समोरच्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही.

या आकड्यांपायी आम्ही एकदा हातचं घालवलं. असंघटित कामगारांसाठीच्या एका कायद्यात दुरुस्ती करणारा अध्यादेश, म्हणजे अधिवेशन नसताना काढलेला तात्पुरता कायदा, निघाला होता. तक्रार करायला त्यात 30 दिवसांची मुदत होती, ती 90 व्हावी एवढंच आमचं म्हणणं होतं. अध्यादेश समोर ठेवून आम्ही महिनाभर खपून टिपण केलं. एक आमदार मनापासून तयार झाले आणि त्यांनी सुधारणेची लेखी सूचनाही वेळेत दिली. अधिवेशनात अध्यादेशाच्या जागी विधेयक आलं तेव्हा त्यात मध्ये एक नवा खंड घातलेला होता, आणि पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकले होते. आम्ही ते पाहिलंच नाही. आमदार 'खंड 7' म्हणून उभे राहिले, मंत्र्यांनी खंड 7 वाचून दाखवला आणि त्यात मुदतीचा विषयच नव्हता. आमदारांनी प्रेक्षक गॅलरीकडे पाहिलं. तिथून आम्हाला बोलता येत नाही, खूणही करता येत नाही. पुढच्या काही मिनिटांत विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं. त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई तक्रार घेऊन आली. तिची मुदत संपून 11 दिवस झाले होते.

तेव्हापासून पुरःस्थापित झालेल्या, म्हणजे सभागृहात रीतसर मांडलेल्या, विधेयकाची प्रत हातात आल्याशिवाय मी कोणालाही खंड क्रमांक देत नाही. अध्यादेशावरून तयारी जरूर करावी, पण प्रत आली की पहिल्या ओळीपासून पुन्हा ताडून पाहते. एक जण मोठ्यानं वाचतो, दुसरा पेन्सिलीनं खूण करतो. टिपण एका पानाचं: विधेयकाचा क्रमांक, खंड, आत्ताचे शब्द, आम्हाला हवे असलेले शब्द आणि कारण दोन ओळींत. आठ पानी इतिहास कोणी वाचत नाही.

विधेयक मी शेवटाकडून वाचते. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' आधी, मग 'वैधानिक अधिकार सोपविण्यासंबंधीचे ज्ञापन'. नवीन कार्यकर्ते हे दुसरं पान हमखास सोडतात. कोणत्या गोष्टी नंतर सरकारनं करायच्या नियमांनी ठरणार ते तिथे एका जागी लिहिलेलं असतं, आणि कित्येकदा खरा तपशील सगळा तिकडेच गेलेला असतो.

दुसरी चूक क्रियापदाची. 'राज्य शासन मंडळ स्थापन करील' आणि 'राज्य शासनास मंडळ स्थापन करता येईल' या दोन वाक्यांत कायद्याचा जीव अडकलेला असतो. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात मुभा. रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात योजना म्हणून उभी राहिली, पण कामाचा हक्क कायद्यानं मिळावा यासाठी 1977 चा अधिनियम लागला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. योजना आदेशानं बदलते. हक्क काढून घ्यायचा तर सभागृहात यावं लागतं. म्हणून प्रत आली की सगळी 'येईल' मी लाल पेन्सिलीनं गोल करते. प्रत्येकाशी भांडायचं नसतं. ज्यावर माणसाचं पोट अवलंबून आहे ते एक-दोन निवडायचे.

मसुदा सौम्य झाला की पुरोगामी मंडळींत लगेच 'पाणी घातलं' अशी ओरड होते. जादूटोणाविरोधी कायद्याबाबत हे खूप झालं. पहिला मसुदा 2003 चा. 20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात कायदा झाला. मधल्या दहा वर्षांत मसुदा पुष्कळ आखडला. तरी शेवटी अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीत, 12 कृत्यं नेमकी लिहिलेली राहिली, आणि माझ्या मते पोलीस ठाण्यात उभं राहिल्यावर अशी नेमकी यादीच कामाला येते. भूतबाधा उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झाली तर अनुसूचीवर बोट ठेवता येतं. व्यापक, सुंदर व्याख्येवर ठाणे अंमलदार गुन्हा लिहून घेत नाही. एका अधिवेशनात कायदा हवा म्हणणाऱ्या तरुण मित्रांनी ही दहा वर्षं नजरेसमोर ठेवावीत.

काही चुका थोडक्यात. फक्त आपल्या विचारांच्या आमदारांना भेटणं: ते आधीच आपल्या बाजूनं असतात, खरी भेट मंत्र्यांच्या पक्षातल्या, त्या विषयाची झळ बसलेल्या तालुक्याच्या आमदाराची. विधान परिषद विसरणं: 78 जणांच्या त्या सभागृहात 7 पदवीधरांचे आणि 7 शिक्षकांचे प्रतिनिधी आहेत, विधानसभेत निसटलेला शब्द तिथे पकडता येतो. मंत्र्यांमागे धावून विभागातल्या कक्ष अधिकाऱ्याला न भेटणं. निवेदन देऊन पोच न घेणं.

समितीकडे सूचना पाठवताना एकच तयार मजकूर हजार जणांनी पुढे ढकलणं हा अलीकडचा आजार. बेकायदा ठरवलेल्या संघटनांवरच्या कारवाईचं विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर 2024 मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, लोकांकडून सूचना मागवल्या आणि 12 हजारांहून अधिक आल्या. जुलै 2025 मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. काही शब्द बदलले, पण आमचे मूळ आक्षेप उरलेच. तरीही अशी दारं उघडतात तेव्हा आत जायलाच हवं, आणि स्वतःच्या शब्दांत. भटक्या वस्तीतल्या कार्यकर्त्यानं या खंडामुळे माझ्या कामाचं काय होईल ते अर्ध्या पानात लिहिलं तर समितीतला सदस्य ते वाचून प्रश्न विचारू शकतो. बटण दाबून पाठवलेल्या मजकुराचा फक्त आकडा होतो. मला हा आळस सहन होत नाही, कारण ज्यांच्यासाठी आपण बोलतो त्यांना कसलीच वाट सोपी नसते.

आणि शेवटची चूक, मंजुरीच्या दिवशी पेढे वाटून घरी जाणं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक 13 एप्रिल 2016 रोजी मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मिळून ते अमलात यायला जुलै 2017 उजाडला. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांसाठी कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झालं, संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा झालंच नाही. संमती मिळाली तरी राजपत्रात प्रसिद्धी, अंमलाची तारीख, नियमांचा मसुदा, त्यावर हरकती, अधिकाऱ्यांच्या नेमणुका हे सगळं उरतंच. नियमांच्या मसुद्यावर हरकती मागवतात त्या सूचनेला मोर्चा येत नाही, कॅमेरेही येत नाहीत. मी दर सोमवारी सकाळी राजपत्राचं संकेतस्थळ उघडते आणि प्रत्येक मंजूर विधेयकाच्या फायलीवर पेन्सिलीनं पुढची तारीख लिहून ठेवते. त्यातल्या तीन फायली सध्या नियमांवाचून थांबल्या आहेत.