डिस्प्ले येत नाही? मदरबोर्ड घेताना आणि बसवताना या चुका टाळा

“दादा, बोर्ड डेड आलाय. उद्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात जाऊन परत देतो.” मावसभावाचा फोन होता. पहिलाच पीसी त्याने स्वतःच्या हाताने जोडला होता. पंखे फिरत होते, रॅमचे दिवे लागत होते, मॉनिटर मात्र काळा. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन कॅबिनेट उघडलं, तर बोर्डाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला, प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर रिकामाच होता. त्याची केबल एसएमपीएसजवळ (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याजवळ) गुंडाळलेली पडली होती. ती लावली आणि मिनिटाभरात बायोस, म्हणजे बोर्डाचं स्वतःचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, दिसलं.

‘मेलेला’ म्हणून माझ्यासमोर आलेले बहुतेक बोर्ड असेच जिवंत निघाले आहेत. बसवण्यातली चूक बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडते. खरेदीतली चूक स्क्रूड्रायव्हरने सुधारत नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल.

सॉकेट जुळलं म्हणजे झालं, असं नाही

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा. सगळ्यात फसवं उदाहरण इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचं. सहाव्या पिढीपासून नवव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर याच नावाच्या सॉकेटमध्ये बसतात. पण आठव्या आणि नवव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. जुन्या बाजारात आय५-८४०० स्वस्त मिळाला म्हणून कुणी घरातल्या, जुन्या चिपसेटच्या एच११० बोर्डात बसवायला जातं. तो व्यवस्थित बसतो, लिव्हरही बंद होते, आणि पीसी सुरू होत नाही. सेकंडहँड माल घेणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये अडचण वेगळी आहे. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर बी४५० बोर्डावर उत्तम चालतो, पण बायोस नवं असेल तरच. दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेल्या बोर्डात जुनं बायोस असू शकतं. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक बोर्डाची प्रोसेसरची यादी असते आणि कोणत्या प्रोसेसरला किमान कोणती बायोस आवृत्ती हवी ते त्यात लिहिलेलं असतं. पैसे देण्याआधी मोबाइलवर ती यादी उघडायला दोन मिनिटं लागतात. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर आणि रॅम न लावताही बायोस बदलता येतं: पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच नाव द्यायचं आणि ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टलाच लावायचा. हे चालू असताना वीज जाता कामा नये. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून दोनदा लाइट जाते, म्हणून यूपीएसशिवाय मी बायोसला हातच लावत नाही.

रॅमचंही तसंच. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात, आणि अनेकदा दोघांच्या नावात एखाद्याच अक्षराचा फरक असतो. दोन्ही रॅमना २८८ पिना आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे. नेटाने दाबलं तर रॅम बसणार नाही, स्लॉट तुटेल. एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये मात्र फक्त डीडीआर५ चालते.

नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. ग्राफिक्स कार्ड नंतर घेऊ म्हणून यातला एखादा प्रोसेसर उचलला, तर बोर्डावरचं एचडीएमआय तोवर निरुपयोगी.

आता पैशांचं. आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट खेचतो, तर आय९-१४९००के २५३ वॅटपर्यंत जातो. दोन्ही एकाच सॉकेटचे. साध्या एच६१० बोर्डाच्या यादीत दोन्ही असले तरी वीजपुरवठ्याचा भाग तापला की मोठ्या प्रोसेसरचा वेग बोर्ड स्वतःच खाली आणतो. उलटही होतं. ज्यांच्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा आकडा) लॉक आहे, ते ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, बनलेला झेड७९० बोर्ड घेतात. माझं स्पष्ट मत आहे की आय५ च्या साध्या प्रोसेसरला बी६६० किंवा बी७६० पुरेसा आहे. वाचलेले पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला.

कॅबिनेटमध्ये टाकायची घाई

बोर्ड हाती आल्यावर आधी सॉकेट बघा. इंटेलच्या बोर्डात, आणि एएम५ मध्येही, नाजूक पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की सगळ्या पिना एका ओळीत चमकतात. एखादी वाकलेली असेल तर त्या ओळीत खंड दिसतो. हे शक्यतो दुकानाच्या काउंटरवरच करा आणि फोटो काढून ठेवा, कारण वाकलेल्या पिनेला वॉरंटीत बसवून घेणं फार अवघड जातं. एक-दोन पिना वाकूनही पीसी सुरू होऊ शकतो, फक्त रॅमचे दोन स्लॉट काम करत नाहीत. मग माणूस महिनाभर रॅम बदलत बसतो.

त्यानंतर प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी लावून बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर सुरू करून पाहा. ज्या पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर ठेवून वीज देऊ नका, तिच्या बाहेरच्या थरातून थोडी वीज वाहू शकते. खोक्यावर डिस्प्ले आला आणि कॅबिनेटमध्ये गेल्यावर गेला, तर बोर्ड बरा आहे, दोष बसवण्यात आहे. ही एक चाचणी पुढचे दोन तास वाचवते. तरी लोक तिचा कंटाळा करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅबिनेटमधली पहिली संशयित जागा म्हणजे पितळी स्टँडऑफ, बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणारे छोटे खांब. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा. बऱ्याच कॅबिनेटांत स्टँडऑफ आधीच एटीएक्सप्रमाणे लावलेले असतात. त्यावर छोटा बोर्ड ठेवला तर एखादा स्टँडऑफ छिद्राखाली न येता बोर्डाच्या पाठीला टेकू शकतो आणि शॉर्ट होतं. पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो, पुन्हा हलतो आणि थांबतो. असं दिसलं तर आधी बोर्ड काढून खाली पाहा. स्क्रू एकेक करून आवळू नका, आधी सगळे सैल धरा आणि मग समोरासमोरचे घट्ट करा. मागची आयओ शील्ड (पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी) बोर्डाला जोडलेली नसेल तर ती बोर्डाच्या आधी बसवा, नाहीतर सगळं पुन्हा उकलावं लागतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर तो बोर्डाचा दोष नव्हे. एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते आणि सॉकेटला अर्थिंग नसेल तर ती तुमच्या हातातून जाते. इलेक्ट्रिशियनला बोलवा. थ्री-पिन प्लगची तिसरी पिन कापून काम भागवू नका.

केबल आणि रॅम

प्रोसेसरची आठ पिनांची केबल चार अधिक चार अशी दुभागते, ग्राफिक्स कार्डची सहा अधिक दोन अशी. दिसायला सारख्या, आतली तारांची मांडणी वेगळी. त्यांचे साचे मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणून जोर लावावा लागला की थांबा.

याहून गंभीर चूक म्हणजे जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावणं. बोर्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही मांडणी वेगळी असू शकते. मी स्वतः अशाने एक चांगला एसएसडी गमावला आहे. तेव्हापासून प्रत्येक एसएमपीएसच्या केबल मी वेगळ्या पिशवीत, नाव लिहून ठेवतो.

दोन पट्ट्या आणि चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. नक्की कोणता ते मॅन्युअलमध्ये असतंच. अनेक बोर्डांत रॅमच्या स्लॉटला एकाच बाजूला कुलूप असतं, त्यामुळे दुसरी बाजू वर राहिलेली लक्षात येत नाही.

डीडीआर५ वाल्यांनी, विशेषतः एएम५ वाल्यांनी, पहिल्यांदा सुरू करताना धीर धरावा. बोर्ड रॅमला जुळवून घेत असतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. दर तीस सेकंदांनी वीज बंद केली तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

तरीही काही दिसलं नाही तर बोर्डावरचे चार बारीक दिवे शोधा: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. जो पेटून राहतो, तिथे अडलंय. डीरॅम असेल तर एकच पट्टी ठेवून स्लॉट बदलून पाहा. व्हीजीए असेल तर कार्ड पूर्ण बसलंय ना, त्याला वीज आहे ना ते पाहा. एकही दिवा नसेल तर मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे का ते तपासा. शेवटचा उपाय म्हणजे वीज बंद करून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवणं, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत येते.

डिस्प्ले आल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या खऱ्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच चालत राहील. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर असेल तर बायोस लगेच अपडेट करा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर खराब होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं आणि इंटेलने त्यावरचा उपाय मायक्रोकोडमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधून, दिला. तो बोर्डापर्यंत बायोसच्या वाटेनेच येतो.

इंटेलच्या सॉकेटवर काळी प्लास्टिकची टोपी येते, प्रोसेसर बसवून लिव्हर दाबली की ती आपोआप उडून पडते. ती फेकू नका, बिलासोबत खोक्यात ठेवा. बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर पिना झाकायला तीच लागते.