श्रद्धाळू घरात अज्ञेयवादी म्हणून कसे राहावे

सर्वप्रथम आपली भूमिका नेमक्या शब्दांत सांगता आली पाहिजे. देव नाही असे ठामपणे म्हणतो तो निरीश्वरवादी, आणि देव आहे की नाही हे ठरवण्याचे साधन आपल्याजवळ नाही असे म्हणतो तो अज्ञेयवादी. (‘नास्तिक’ हा शब्द मी टाळतो. जुन्या संस्कृत ग्रंथांत तो वेदांचे प्रामाण्य न मानणाऱ्याला लावलेला आढळतो, आणि त्या हिशेबाने रोज न चुकता मंदिरात जाणारे माझे जैन शेजारीही नास्तिकच ठरतील.) ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरात, हे सारे विलायती खूळ आहे असे एखादी आत्या हमखास म्हणते. अज्ञेयवादीसाठीचा ‘ॲग्नॉस्टिक’ हा इंग्रजी शब्द इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सले यांनी 1869 मध्ये घडवला, हे तेव्हा मान्य करावे. मात्र सृष्टी कोठून आली हे वरून पाहणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल, अशा शंकेवर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त संपते, हेही सांगावे. हा दाखला एकदाच द्यावा. पंगतीत दुसऱ्यांदा दिला की त्याचा टोमणा होतो.

घरच्या धर्मकार्यात सहभाग किती घ्यावा, याचा निर्णय मी एका साध्या कसोटीवर करतो: हात द्यावा, शब्द देऊ नये. गणपतीत दूर्वा निवडाव्यात, मोदक वळावेत, आरतीला उभे राहून टाळ धरावेत. यांपैकी कशानेही आपण काही कबूल करीत नाही. सत्यनारायणाच्या पाटावर यजमान म्हणून बसणे मात्र वेगळे, कारण संकल्पात आपले नाव आणि गोत्र उच्चारून आपल्या वतीने काही मागितले जाते, आणि ज्यावर विश्वास नाही ते मागणे हा देवाचा नसला तरी गुरुजींचा आणि घरच्यांचा अवमान आहे. तेथे नकार द्यावा, पण तो आठवडाभर आधी, खासगीत आणि वडीलधाऱ्यांना द्यावा, म्हणजे दादा-वहिनींना बसवण्याची व्यवस्था होते. गुरुजी दारात आल्यावर तत्त्व आठवणे हा शुद्ध उद्धटपणा होय. प्रसादाचा शिरा निःशंकपणे घ्यावा.

ही कसोटी मला उशिरा सुचली. आजीच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा वडील हात जोडून एकेक आश्वासन देऊ लागले: तुझ्या तुळशीला पाणी घालू, धाकटीचे शिक्षण पूर्ण करू, भावाशी पुन्हा बोलू. मी बाजूला उभा राहून, कावळ्यांचे पोट भरलेले असेल, असे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. वडील काही बोलले नाहीत. मृत आजीला ते ऐकू येत होते की नाही, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नाही; पण काकांशी अनेक वर्षे तुटलेले बोलणे त्यांनी त्याच आठवड्यात सुरू केले, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडायला त्या पिंडाखेरीज दुसरी जागा नव्हती. तेव्हापासून कोणत्याही विधीत, हे खरे आहे का, या प्रश्नाआधी, हा माणूस येथे काय करीत आहे, हे पाहण्याची सवय मी लावून घेतली, आणि तीच सवय मी इतरांना सुचवतो.

ही सवय लावायला आमचे शहर सोयीचे आहे. दर डिसेंबरात हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी भरणारा समारोह हरिकथा आणि मीलाद (पैगंबरांच्या स्तुतीचे पठण) या दोहोंनी सुरू होतो. ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या परंपरेतली हरिकथा आणि त्यापाठोपाठ चादर चढवण्याचा विधी एकाच सकाळी ऐकता-पाहता येतो. एकदा तेथे जाऊन नुसते बसावे. किल्ल्यावरच्या गुरुद्वारात डोके झाकावे, कारण ती त्या घराची रीत आहे. किल्ल्याच्या वाटेवरचे चतुर्भुज मंदिरही पाहावे: इ. स. 876 च्या तेथील शिलालेखात देवाला दिलेली 270 हात लांब व 187 हात रुंद बाग आणि रोजच्या 50 माळा यांची नोंद आहे, आणि तिच्यात शून्याचे चिन्ह आजच्यासारखेच गोल कोरलेले आहे. श्रद्धाळू माणसे हिशेबाला कच्ची असतात, हा माझ्यासारख्यांचा गैरसमज त्या दगडापुढे टिकत नाही.

सहिष्णुतेची मर्यादाही स्पष्ट असावी. श्रद्धेचा भार जो स्वतः उचलतो त्याच्या आड येऊ नये. तो दुसऱ्यावर टाकला जात असेल तर गप्प बसू नये. पाळीच्या दिवसांत सुनेला बाजूला बसवणे किंवा मुहूर्तासाठी रुग्णाची शस्त्रक्रिया लांबवणे येथे मी उघड विरोध करतो, परंतु देवाविषयी अवाक्षर न काढता, केवळ त्या सुनेविषयी किंवा त्या रुग्णाविषयी बोलतो. मधुमेह असलेल्या काकू निर्जळी एकादशीचा हट्ट धरतात, तेव्हा वाद त्या दिवशी घालू नये. चार दिवस आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे आणि उपवासाला काय खावे-प्यावे हे डॉक्टरांनाच सांगू द्यावे.

शेवटी, आपल्या पश्चात काय करावे हे लिहून ठेवावे, नाहीतर दुःखातल्या माणसांना आपल्या मतांचा अंदाज बांधत बसावे लागते. मी देहदानाची इच्छा लिहिली आहे, आणि दहाव्याच्या रकान्यात, मुलीला जे योग्य वाटेल ते, असे लिहून खाली सही केली आहे.